रामापिथेकस कुठे गेला?

गोदाकाठ – सोमवार, रात्री १०:१२

लेक यंदा दहावीला. काल रात्री क्लासच्या नोट्स घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हा रामापिथेकस नेटवर धड कुठे सापडतच नाही. शोधलं की शिवापिथेकस येतो. हा होता ना नक्की?"

मी जरा हललोच. आमच्या पिढीने माणसाच्या पूर्वजांची ही माळ पाढ्यांसारखी घोकलेली आहे. ड्रायोपिथेकस, रामापिथेकस, ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो हॅबिलिस, होमो इरेक्टस, निअँडरथल, क्रो-मॅग्नन. विज्ञान प्रदर्शनात मी स्वतः थर्माकोलवर ती सुप्रसिद्ध रांग रंगवली होती. डावीकडे ओणवं माकड, उजवीकडे ताठ माणूस. बाईंच्या आज्ञेवरून शेवटच्याला धोतर नेसवलं होतं.

मग रात्री दीडपर्यंत वाचत बसलो. कळलं ते असं. १९३२ साली येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस नावाचा विद्यार्थी शिवालिकच्या टेकड्यांत जीवाश्म शोधत फिरत होता. हिमाचलातल्या हरितल्यांगरपाशी त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. उजवी बाजू आणि थोडे दात, एवढाच ऐवज. दोन वर्षांनी त्याने नाव दिलं रामापिथेकस. शिवापिथेकस हे नाव आधीच वापरात होतं. लुईसने ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवापिथेकसही देऊन टाकले. अख्खं देवघर मांडलं म्हणा ना.

पुढे साठच्या दशकात येलच्याच एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी म्हटलं, सुळा लहान दिसतो, जबड्याची कमान पुरी केली तर माणसासारखी गोलसर होते, म्हणजे हाच आपला पहिला पूर्वज. वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं. 'पुरी केली तर' हे शब्द पुन्हा वाचा. जबड्याचा मधला भाग सापडलाच नव्हता!

तर जाणकारांना दोन प्रश्न. याला काढलं कोणी? आणि त्याच्या जागी आता कोण बसलंय? लेकीला गुरुवारपर्यंत उत्तर हवंय, चाचणी आहे.

पावशेर – सोमवार, रात्री १०:३१

रामापिथेकस वनवासात गेला. १४ वर्षांसाठी की १ कोटी ४० लाख, ते जाणकार सांगतीलच. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

खडूस_मास्तर – मंगळवार, सकाळी ६:०५

गोदाकाठ, कबुलीजबाब देतो. हा प्राणी मी बावीस वर्षं शिकवला. पहिली काही वर्षं अजाणतेपणी, पुढची माहीत असून. पेपरात प्रश्न आला तर मुलांचे गुण जायला नकोत.

त्याला काढलं सशांनी. थट्टा नाही.

१९६७ साली बर्कली इथे व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन हे दोघे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर काम करत होते. माणसाचं अल्ब्युमिन सशाला टोचायचं. ससा त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतो. मग ती प्रतिपिंडं चिंपांझी, गोरिला, गिबन, वानर यांच्या अल्ब्युमिनवर घालून पाहायची. प्रतिक्रिया जितकी जोरकस तितकं नातं जवळचं. वानरकुळ (शेपटीवाली माकडं) आणि कपिकुळ (गिबन, गोरिला, चिंपांझी आणि आपण) सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं असं धरून त्यांनी हिशेब मांडला, तर माणूस आणि चिंपांझी यांची वाटणी निघाली फक्त ५० लाख वर्षांपूर्वीची. आज तो आकडा ६०-७० लाखांच्या आसपास धरतात, पण १ कोटी ४० लाखांच्या जवळपासही तो जात नाही. वाटण्याच झाल्या नव्हत्या, त्या काळात आपल्या एकट्याच्या वाट्याचा पूर्वज कुठून असणार?

हाडंवाल्यांनी ही गोष्ट मुळीच मनावर घेतली नाही. हाड डोळ्यांनी दिसतं, रक्तातला आकडा दिसत नाही. पंधरा वर्षं हे भांडण चाललं. शेवटी पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा बराच पूर्ण जीवाश्म निघाला आणि १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. उभट डोळे, दोन डोळ्यांमधलं अंतर अगदी थोडं, मधून खोलगट चेहरा. बघितल्याबरोबर ओरांगउटान आठवावा असा. आणि ज्याला रामापिथेकस म्हणत होते त्या बहुधा शिवापिथेकसच्याच लहानखुऱ्या माद्या. म्हणून लहान सुळा! एका मादीचा अर्धा जबडा आणि आमची बावीस वर्षं.

मला यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तो पोतवारचा चेहरा प्रसिद्ध कोणी केला? त्याच डेव्हिड पिलबीम यांनी. ज्याच्यावर नाव झालं तोच पूर्वज त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला.

चाचणीत मात्र नोट्समध्ये आहे तेच लिहायला सांगा. मास्तर आहे, क्रांतिकारक नाही.

पावशेर – मंगळवार, सकाळी ९:४८

मास्तर, दंडवत. पण मग काल एक म्हणता, आज दुसरं, उद्या तिसरं. यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि तो जुना प्रश्न विचारूनच घेतो, कारण आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी काढतं. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून शिल्लक का? ती का थांबली?

नीलाक्षी – मंगळवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते.

पावशेर, कोणी थांबलेलं नाही. चिंपांझीही तितकीच वर्षं बदलत आलाय, त्याच्या वाटेने. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद आहे. भाऊबंदकी कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पुरावा हवा असेल तर एकच देते, माझा लाडका. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या. आपल्यात २३. एक जोडी गेली कुठे? कुठेच नाही. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे त्यांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालेलं एक. हे कळतं कसं? आजीची गोधडी आठवा. दोन जुनी लुगडी जोडून शिवली की ज्या काठाने कडेला असायला हवं तो गोधडीच्या मधोमध येतो. गुणसूत्राच्या टोकांना एक ठरावीक अक्षरांची माळ असते, पुन्हा पुन्हा तीच. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्राच्या मधल्या भागात ती टोकाची माळ सापडते, दोन्ही तोंडं एकमेकांकडे केलेली. शिवण दिसते चक्क.

आता मास्तरांच्या विल्सनबद्दल. हा माणूस एवढ्यावर थांबला नाही. १९८७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून रिबेका कॅन आणि मार्क स्टोनकिंग यांच्यासह तो गाजलेला निबंध आला. १४७ जणांचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जाघरांचा स्वतःचा वेगळा डीएनए. नमुने बहुतेक वारेचे, म्हणजे प्रसूतीनंतर टाकून दिली जाते त्या वारेचे. भरपूर ऊती मिळते आणि कोणाला सुई टोचावी लागत नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो. बापाचा हिशेबच नाही. सगळे धागे मागे नेत गेलं तर सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी गाठ पडते.

वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं 'ईव्ह' आणि तेव्हापासून आम्ही खुलासे करत बसलोय. ती त्या काळातली एकटी बाई नव्हती. तिच्या शेजारणी होत्या, जावा-नणंदा असतील. पण ज्या बाईला नुसते मुलगे झाले तिचा हा धागा तिथेच तुटला. ज्यांना मुली झाल्या, त्या मुलींना मुली झाल्या, त्यांचाच पुढे आला. आपल्याकडे मुलगा नाही म्हणून वंश बुडाला म्हणतात. मायटोकाँड्रियाच्या दप्तरात नेमकं उलटं आहे.

चकमक – मंगळवार, रात्री ८:५५

नीलाक्षीताई, गोधडी झकास. वाचनखूण साठवली.

पण 'आफ्रिकेतली एक बाई' म्हटलं की लोक लगेच आफ्रिकेतलं एक गाव शोधायला निघतात, म्हणून हाडांच्या बाजूने थोडं. (पुरातत्त्व शिकलोय, पोट मात्र दुसऱ्याच धंद्यावर भरतो.)

मोरोक्कोत जेबेल इर्‌हूद नावाची जागा आहे. १९६१ साली तिथे बराइट खणणाऱ्या कामगारांना एक कवटी मिळाली. पुष्कळ दिवस ती ४० हजार वर्षांची समजत होते, कोणी निअँडरथलही म्हणत होतं, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंदांपैकी. जाँ-जाक उब्लँ यांच्या चमूने २००४ पासून पुन्हा खणलं आणि २०१७ साली वय सांगितलं, सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं.

वय काढलं कसं ते बघा. त्या गुहेतल्या माणसांनी चकमकीची हत्यारं वापरून खाली टाकली. त्याच जागी नंतर शेकोट्या पेटल्या आणि खालचे दगड भाजून निघाले. भाजला की दगडातली साठलेली ऊर्जा निघून जाते, घड्याळ शून्यावर येतं. पुढे आसपासच्या मातीतल्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा कणाकणाने साठत राहते. प्रयोगशाळेत तो दगड तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, अगदी मंद. तो प्रकाश मोजायचा. म्हणजे तीन लाख वर्षांपूर्वी कोणीतरी शेकोटी पेटवली म्हणून आज आपल्याला तारीख कळली.

आणि चेहरा? जवळजवळ आपलाच. लहान, कवटीच्या खाली नीट बसलेला. पण मागून कवटी लांबोडकी, आपल्यासारखी गोल नाही. मेंदूचा आकार मोठाच, घडण वेगळी. फेटा बांधून एसटीत शेजारी बसला असता तर तुम्ही तिकीट काढून खिडकीबाहेर बघत बसला असता. फेटा सोडल्यावर दचकला असता.

इथिओपियातल्या ओमो किबिशची कवटी १९६७ साली रिचर्ड लीकींच्या मोहिमेत मिळाली. २००५ मध्ये तिचं वय १ लाख ९५ हजार धरलं गेलं, आणि २०२२ साली वरच्या थरातली ज्वालामुखीची राख ओळखता आल्यावर किमान २ लाख ३३ हजार झालं. दक्षिण आफ्रिकेतली फ्लोरिसबादची कवटी सुमारे २ लाख ६० हजारांची. तीन टोकं, मोरोक्को, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका, आणि तिन्हीकडे आपल्या चेहऱ्यामोहऱ्याचे वेगवेगळे तुकडे. कुठे चेहरा आधी आला, कुठे कवटीचा घेर. त्यामुळे आता बरेच जण म्हणतात, एक गाव नव्हतंच. अख्ख्या खंडात विखुरलेले गट होते. वाळवंट पसरलं की तुटायचे, हिरवळ आली की पुन्हा भेटायचे, सोयरिकी व्हायच्या.

गोदाकाठांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे असं की रामापिथेकसच्या जागी कोणीच बसलेलं नाही. ती खुर्चीच काढून टाकली. रांगच नव्हती ती.

रानवारा – मंगळवार, रात्री ११:३० (आमच्याकडे दुपार)

मध्येच एक घरगुती किस्सा. दोन वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत थुंकी पाठवून डीएनए तपासून घेतला. अहवालात एक कप्पा निअँडरथलचा. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं की आपल्यात दोनेक टक्के निअँडरथल आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या वडिलांकडून असणार. त्यांच्या आत्याला बघ, कपाळ कसं पुढे आहे." बाबा मागे पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

आता नीलाक्षी, खरं काय ते सांगा म्हणजे घरात शांतता नांदेल.

नीलाक्षी – बुधवार, सकाळी ८:१०

काकूंना सांगा, दोन्हीकडून आलंय. आफ्रिकेबाहेर मूळ असलेल्या जगातल्या जवळजवळ प्रत्येकात एक ते दोन टक्के आहे. सासर-माहेर भेद नाही. कपाळाबद्दल मी काही बोलणार नाही.

हे कळलं २०१० साली. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांतून स्वांते पाबो यांच्या गटाने निअँडरथलच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा काढला. आणि आता धागा कसा जुळतो बघा. हे पाबो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बर्कलीत शिकायला होते ते कोणाकडे? विल्सनकडेच. सशांचं रक्त, मग वार, मग हाडातला डीएनए. विल्सन १९९१ साली गेले, पाबोंना २०२२ मध्ये नोबेल मिळालं.

त्या आधी बहुतेकांचा समज असा की आफ्रिकेतून निघालेल्यांनी बाकीच्यांना नुसतं हुसकून लावलं. आता दिसतं की सोयरीकही झाली. हा मिलाफ मुख्यतः ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान झाला असं २०२४ सालच्या मोजणीत आलं.

सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत तर त्याहून मोठी गंमत. २०१० मध्ये तिथल्या करंगळीच्या एका हाडावरून तिसरीच जमात निघाली, डेनिसोव्हन. आणि २०१८ साली त्याच गुहेतल्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या तुकड्यातून एक मुलगी सापडली. तेरा वर्षांची तरी असावी. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. दोन हजारांवर अनोळखी हाडांच्या चुऱ्यातून प्रथिनं तपासत तपासत तो तुकडा हाती लागला होता. मी हे काम करते म्हणून सांगते, दोन हजार नळ्यांवर लेबलं चिकटवणाऱ्याला माझा वेगळा नमस्कार.

आणि हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर कोविड आठवा. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलाय, तो असला की कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढते, असं २०२० साली ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवलं. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आहे. दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के. आपल्याकडे इतका का टिकून राहिला, यावर तर्क भरपूर आहेत, मला अजून एकही पटलेला नाही. घाबरू नका मात्र. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा वाटा यात फार मोठा आहे. दोन वर्षांनी असंही दिसलं की त्याच तुकड्यामुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका थोडा कमी होतो. वाडवडिलांच्या इस्टेटीबरोबर कर्जही येतं, तसं.

संपादक मंडळ – बुधवार, सकाळी ११:००

आर्य, राखीगढी आणि 'मूळ रहिवासी कोण' या विषयांवरचे चार प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागे आहेत आणि ते कधीच थंड होत नाहीत. इथली चर्चा त्याच्या फार आधीच्या काळाची आहे, कृपया तिथेच ठेवावी.

पावशेर – बुधवार, सकाळी ११:०४

चारपैकी एक माझा होता. सवय हो.

कुकडीकर – बुधवार, दुपारी ४:४०

सायबेरिया, मोरोक्को झालं. आता जुन्नर तालुक्यात या.

आमच्याकडे बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठाला एक पांढुरका थर आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं चुनखडी. कॉलेजात असताना एका सरांनी नेऊन दाखवलं. चिमटीत घेतलं तर अंगाला लावायच्या पावडरीसारखं मऊ, पण बोटांवर चोळलं की बारीक कचकच लागते. सरांनी भिंग दिलं. आत काचेचे सूक्ष्म तुकडे, वाकडेतिकडे, फुटलेल्या बांगड्यांसारखे. ही ज्वालामुखीची राख. आणि आली कुठून? सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजारांवर किलोमीटर वाऱ्यावर. त्या दिवसापासून नदीवर गेलो की तिकडे पाय वळतातच.

ऐंशीच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे काम केलं. राखेच्या आसपास दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. भांडण आहे ते वयाचं. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. काही म्हणतात बोरीची राख त्याचीच. काही म्हणतात छे, ही टोबाच्याच फार जुन्या उद्रेकाची, सात-आठ लाख वर्षांपूर्वीची. फरक साधा नाही. जुनी धरली तर त्या कुऱ्हाडी करणारा आपल्या जातीचा नव्हेच, इरेक्टस वगैरे कोणी असणार.

मुंबईहून माळशेजला धबधबे बघायला हजारोंनी गाड्या येतात. या राखेपाशी कोणी ब्रेक लावत नाही. लावू नये तेच बरं म्हणा, नाहीतर वेफर्सची पाकिटं पडायची.

चकमक – बुधवार, रात्री ९:२५

कुकडीकर, सुरेख. तुमच्या राखेला आंध्रात ज्वालापुरम इथे जोड आहे. नावच बघा! तिथे मात्र राख नक्की ७४ हजारांची. लोक ती खणून विकत असत, त्या खाणींमुळे थर उघडे पडले. मायकेल पेट्राग्लिया आणि रवी कोरीसेट्टर यांच्या चमूने २००७ साली सांगितलं की राखेच्या खालची आणि वरची दगडी हत्यारं बरीचशी सारखी आहेत. म्हणजे एवढा उद्रेक होऊनही तिथली माणसं नाहीशी झाली नाहीत. त्यांच्या मते ती आपल्यासारखीच आधुनिक माणसं होती.

जनुकवाले हे मान्य करत नाहीत. त्यांच्या हिशेबाने आजच्या भारतीयांचे पूर्वज आफ्रिकेतून निघाले ते त्यानंतर. ७४ हजारांपूर्वी इथे आलेले कोणी असतील तर त्यांचा आपल्यात जवळपास काही अंश उरलेला नाही. पुन्हा तेच, हाडवाले आणि रक्तवाले समोरासमोर. फरक एवढाच की या खेपेला हाडवाल्यांकडे हाडच नाही, नुसते दगड आहेत.

हे आपलं मोठं दुखणं. नेवाशाला प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी पन्नाशीच्या दशकात उत्खनन केलं, मध्य पुराश्मयुगाची हत्यारं पुढे 'नेवासीय' म्हणूनच ओळखली गेली. ज्या गावात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावच्या नदीत त्याच्या किती आधी कोणीतरी जास्पर नावाच्या दगडाचे छिलके काढत बसलं होतं. कोण, ते सांगता येत नाही. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमला तर शांती पप्पू यांच्या चमूला तशा पद्धतीची हत्यारं ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची मिळाली, २०१८ साली जाहीर झालं. आपण सेपियन्स असण्याच्याही आधीची. हत्यारावरून हात ओळखता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

अख्ख्या भारतात त्या काळातली कवटी म्हणावी तर एकच. नर्मदेच्या काठी हातनोरा, ५ डिसेंबर १९८२, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया. पूर्ण कवटी नव्हे, वरची वाटी, तीही मुख्यतः उजवी बाजू. आधी इरेक्टस म्हटलं, मग आद्य सेपियन्स, मग आणखी काही. वयही वादातच. मास्तरांनी सांगितलेलं साल आठवतंय का? त्याच १९८२ मध्ये आपण रामापिथेकस गमावला आणि वर्ष संपता संपता हातनोरा मिळाली. पुन्हा उजवी बाजूच!

खडूस_मास्तर – गुरुवार, सकाळी ५:५०

चकमक, हे वाचून पहाटे एकटाच हसलो.

पावशेर यांच्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. 'काल एक, आज दुसरं' ही तक्रार रास्त आहे, पण चुकतंय कुठे ते बघा. अर्धा जबडा मिळाला यात पाप नाही. उरलेला अर्धा मनाने काढला आणि मग काढलेली रेघ व खरं हाड यांत फरक ठेवला नाही, तिथे घोळ झाला. संग्रहालयात फुटकं मडकं जोडतात तेव्हा भर घातलेला भाग वेगळ्या रंगाचा ठेवतात. पाठ्यपुस्तकांनी एवढं जरी पाळलं असतं तरी माझी बावीस वर्षं वाचली असती. मुलांना सांगायचं झालं तर मी आता हेच सांगेन की चित्रातला कुठला भाग सापडलाय आणि कुठला रंगवलाय ते आधी विचारा.

नीलाक्षी – गुरुवार, दुपारी १:३५

मास्तर +१. आमच्याकडेही तसंच आहे, आम्ही काही सोवळे नाही. अलीकडे एक प्रारूप आलंय, केंब्रिजचं, २०२५ सालचं. त्यात सगळ्या आधुनिक माणसांचे पूर्वज दोन गटांतून आलेले दिसतात. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी वेगळे झालेले आणि ३ लाख वर्षांपूर्वी पुन्हा एकत्र आलेले, एकाचा वाटा ८० टक्के, दुसऱ्याचा २०. गणित देखणं आहे. पण ते दोन गट म्हणजे नेमकी कोणती हाडं, हे त्यातून कळत नाही. वेगळ्या रंगाची भरच ती, आमची.

रानवारा – गुरुवार, दुपारी ३:०० (झोप येत नाहीये)

आईला 'दोन्हीकडून' सांगितलं. तिचं म्हणणं, "असेल, पण त्यांच्याकडून जास्त."

चकमक, महाराष्ट्रात डोळ्यांनी बघण्यासारखं काही आहे का? डिसेंबरात येतोय, मुलांना दाखवायचंय.

चकमक – गुरुवार, संध्याकाळी ७:१५

बघण्यासारखं म्हणाल तर माझी आवडती जागा पाटणे. जळगाव जिल्हा, चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. सत्तरच्या दशकात एस. ए. साळी यांनी तिथे खणलं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरातून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले. एका तुकड्यावर कोरीव काम, रेघांमध्ये फुल्याफुल्यांची जाळी. शिवाय त्याच कवचाचे मणी, चपटे, मध्ये भोक.

मणी करून बघितलाय कधी? आम्ही शिकताना एकदा प्रयत्न केला होता, शहामृगपालनवाल्याकडून कवच आणून. नखाएवढा तुकडा तोडायचा, गारेच्या टोकाने दोन्ही बाजूंनी अलगद फिरवत भोक पाडायचं, मग कडा दगडावर घासून गोल करायच्या. पहिले सात तुकडे भोक पाडतानाच फुटले. आठवा टिकला, तो घासताना गेला. पाटण्याच्या माणसाने हे का केलं असेल? मणी खाता येत नाही, त्याने शिकार होत नाही. कोणाच्या तरी गळ्यात घालायचा, आणि दुसऱ्या कोणीतरी तो बघायचा. त्या कवटीच्या वाटीपेक्षा मला हा मणी जास्त ओळखीचा वाटतो.

तिथे गेलात तर मात्र निराश व्हाल. उत्खननाचे खड्डे बुजतात. आता शेत, ओढा आणि डोंगर. शेजारी पाटणादेवी आहे, पितळखोऱ्याची लेणी आहेत, मुलं कंटाळणार नाहीत. दगड उचलून खिशात घालू नका एवढीच विनंती. जागेवरून हलला की तो नुसता दगड.

गोदाकाठ – गुरुवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी झाली. चिरंजीविनीने नोट्समधलं उत्तर लिहिलं आणि खाली कंसात 'हा आता ओरांगउटानच्या बाजूला गेला आहे' असंही लिहून आली. गुण कळतील तेव्हा कळवतो. मास्तर, तुम्ही तपासत असतात तर काय दिलं असतं?

धागा तिला वाचून दाखवला. गोधडी आवडली, आत्याच्या कपाळावर बराच वेळ हसली. पाटण्यापाशी आल्यावर एकदम गप्प झाली. मला वाटलं मण्यांचा विचार करतेय.

तर म्हणाली, "म्हणजे जळगावला शहामृगं होती? मग ती कुठे गेली?"

खडूस_मास्तर – शुक्रवार, सकाळी ५:५५

कंसासाठी अर्धा गुण जास्त. शहामृगांसाठी नवीन धागा काढा, इथे तीस प्रतिसादांनंतर पान नीट उघडत नाही.